धर्मग्राम, शेजार आणि आशा

वसईच्या ख्रिस्ती समाजात ‘पॅरिश’साठी ‘धर्मग्राम’ असा शब्द वापरतात. आमच्या प्राध्यापक-कक्षात एकदा हा शब्द माझ्या तोंडून गेला, तेव्हा एका सहकाऱ्यांनी सहज विचारले, “म्हणजे तुमचे चर्चच ना? मग त्याला ग्राम कशाला म्हणायचे?” प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना. या लेखाचे निमित्त तेच. शिवाय आज वसईतील धर्मग्रामांपुढे जो पेच उभा आहे, त्याचे मूळही काहीसे या शब्दातच दडलेले आहे असे मला वाटते.

प्रथम व्यवस्था सांगतो. चर्च म्हणजे जी इमारत आपल्याला दिसते ती. अथवा व्यापक अर्थाने जगभरची ख्रिस्तसभा. धर्मग्राम म्हणजे एका ठरावीक हद्दीतील श्रद्धावंतांचा समुदाय. त्याची जबाबदारी एका प्रमुख धर्मगुरूवर असते. अशी अनेक धर्मग्रामे मिळून धर्मप्रांत होतो व त्याचा प्रमुख बिशप असतो. वसईचा परिसर पूर्वी मुंबई महाधर्मप्रांतात मोडत असे. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जन्मानंतरचा बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या तिन्हींची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरात होते. म्हणजे माणसाचा जमाखर्च पाळण्यापासून कबरीपर्यंत एकाच वहीत पाहायला मिळतो.

आता शब्दाकडे वळू. अहिल्यानगरकडील (पूर्वीचे अहमदनगर) प्रॉटेस्टंट बांधव याच गोष्टीला ‘मंडळी’ म्हणतात व धर्मगुरूला ‘पाळक’. नारायण वामन टिळकांच्या मराठीतला हा वारसा. ‘मंडळी’ हा शब्द माणसांपासून सुरू होतो, ‘धर्मग्राम’ जागेपासून. कॅथॉलिक परंपरेत जागेला महत्त्व फार. १९१७ साली तयार झालेल्या धर्मनियम-संहितेत धर्मग्रामाची कल्पना मुख्यतः हद्दीच्या भाषेत केलेली होती. धर्मप्रांताच्या भूभागाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक चर्च व एक धर्मगुरू द्यायचा. पुढे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि विचाराची दिशा पालटली. १९८३च्या नव्या संहितेत ५१५ व्या कलमात धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा विशिष्ट समुदाय, अशी व्याख्या आली. हद्द राहिली, पण ती समुदाय ओळखण्याची खूण म्हणून. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक बाबी पाहणारी समिती असलीच पाहिजे, असेही त्या संहितेने ठरविले. कायद्याच्या पुस्तकातील एका व्याख्येने काय होते, असे कोणी म्हणेल. होते ते एवढेच की, पूर्वी नकाशावर रेघ मारली की धर्मग्राम तयार होई. आता रेघ मारल्यावर खरे काम सुरू होते.

आणि याहून मौजेची गोष्ट अशी की, मूळ ग्रीक शब्द ग्रामाच्या अगदी उलट आहे. ‘पॅरिश’चे मूळ ‘पारोइकिया’ या शब्दात आहे. ‘पारा’ म्हणजे जवळ, शेजारी, आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर. जो गावचा नागरिक नाही, ज्याला तेथे जमीनजुमल्याचा हक्क नाही, पण जो गावात मुक्कामाला आहे, अशा उपऱ्याच्या वस्तीला हा शब्द लावीत. बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती माणसाच्या या जगातील आयुष्याला हाच शब्द वापरला आहे. म्हणजे ज्याला आपण मोठ्या अभिमानाने ग्राम म्हणतो, तो मुळात बिऱ्हाडकरूंचा तळ होता.

वसईत मात्र या तळाचे खरोखरच ग्राम झाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात येथील चर्चे उभी राहिली. आगाशी, नंदाखाल, पापडी, सांडोर ही त्यांतली जुनी नावे. त्या काळच्या धर्मांतरांत श्रद्धा किती, सोय किती आणि सक्ती किती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यात येथे शिरत नाही. मला येथे सांगायचे ते १७३९ नंतरचे. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहात दिली गेली. पण युरोपियन पाद्री निघून गेले, किल्ल्यातील भव्य मठ ओस पडले. आजही तेथे छपरे नसलेल्या भिंती उभ्या दिसतात. राजसत्ता गेली, संस्था गेल्या, आणि तरीही धर्मग्रामे राहिली. गोव्याकडून आलेल्या देशी धर्मगुरूंनी ती सांभाळली हे खरेच. परंतु माझ्या मते त्याहून अधिक ती सांभाळली शेजाराने. वाडीला वाडी लागून होती. विहिरीवरचा रहाट, केळीची बाग, पानवेलीचा मांडव, बावखल, या सगळ्यांत माणसे एकमेकांना बांधलेली होती. ज्याच्याबरोबर पाटाच्या पाण्यावरून भांडायचे, त्याच्याच शेजारी रविवारी मिस्सेला गुडघे टेकायचे. समाज वेगळा घडवावा लागत नव्हता, तो शेतीबरोबर फुकट मिळत होता.

या फुकट मिळालेल्या समाजाचे खरे रूप दिसे ते मयताच्या वेळी. चर्चची घंटा विशिष्ट लयीत वाजली की शेतातला माणूस हात थांबवून कोण गेले याचा अंदाज घेई. मयताच्या घरी चूल पेटत नसे. जेवण शेजारच्या घरांतून येई. कोणी कबरीचे पाहावे, कोणी पेटीचे, कोणी मुंबईला कामाला असलेल्या मुलाला निरोप धाडावा, हे कोणी कोणाला सांगत नसे. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्ती परंपरेत दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले आहे. पोर्तुगीज काळी ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाची दयासंस्था वसईत होती, तिच्या कामांतही हे एक काम होते. संस्था गेली, काम मात्र आळीने उचलले.

तथापि या ग्रामाचे चित्र नुसते सोनेरी रंगात रंगविणे बरोबर नाही. त्याला भिंती होत्या. सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद बाप्तिस्म्याने पुसले गेले नाहीत. एकाच वेदीपुढे बसणारी माणसे सोयरिकी मात्र आपापल्यांतच जुळवीत. स्त्रियांच्या वाट्याला चर्च झाडणे, फुले रचणे व गाणे एवढेच येई; निर्णय पुरुष घेत. शिवाय शेजार चांगला असला तरी तो सावकारापुढे लंगडा होता. एक पाऊस चुकला की बागायतदाराची वाडी गहाण पडे.

येथे १९१८ सालचा उल्लेख करावासा वाटतो. त्या वर्षी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईच्या कॅथॉलिकांची एक सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बेसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तिचे मुख्यालय पापडीला आहे. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४चा, दुसरा १९१२चा. तेव्हा ही कल्पना नवी नव्हती. पण एका धर्मगुरूने प्रवचनाच्या व्यासपीठावरून उतरून हिशेबाच्या मेजाशी बसावे, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. पतसंस्थेचा व्यवहार कसा चालतो पाहा. गरीब शेतकऱ्याजवळ तारण नसते. त्याच्यासाठी दुसरा सभासद जामीन राहतो, म्हणजे ‘हा माणूस पुढच्या वर्षी उभा असेल आणि पैसे फेडील’ यावर स्वतःची सही करतो. न फेडल्यास आपले नुकसान होईल हे ठाऊक असूनही सही करतो.

आशा या शब्दाचा अर्थ मला वर्गात शिकविताना जितका कळला नाही, तितका या जामिनाच्या सहीवरून कळला. विश्वास, आशा व प्रीती हे ख्रिस्ती धर्मातले तीन मूलभूत सद्गुण. त्यांपैकी प्रीतीवर प्रवचने उदंड होतात, विश्वासावर वादविवाद होतात. आशा बिचारी मधल्या भावंडासारखी दुर्लक्षित राहते. तिची गल्लत आपण आशावादाशी करतो. आशावादी माणूस म्हणतो की सारे ठीक होईल, आणि कोचावर मागे रेलतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात क्रम वेगळा लावला आहे. आधी संकट, संकटातून सहनशीलता, सहनशीलतेतून कसोटीला उतरलेले शील, आणि सर्वांत शेवटी आशा. म्हणजे ती भांडवल नाही, पीक आहे. हे पीक एकट्याच्या शेतात येत नाही, असेही मी त्यात माझ्या पदरचे घालीन. आपल्या भविष्याचा एक तुकडा शेजाऱ्याच्या हातात देणे, हे तिचे बी.

आता आजच्या पेचाकडे येतो. १९८०च्या दशकापासून वसईचे रूप झपाट्याने पालटू लागले. मुंबईत घर न परवडणारी माणसे लोकलच्या मार्गाने वसई रोड, नालासोपारा, विरारकडे सरकली. वाड्या विकल्या गेल्या, इमारती उठल्या. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन केले. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले ते हेच. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या आंदोलनात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान एकत्र आले. धर्मग्रामाची शक्ती स्वतःच्या कुंपणाबाहेरही वापरता येते हे त्यातून दिसले. हिरवळ सगळीच वाचली असे कोणी म्हणणार नाही. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा तीत जाण्यास गावांनी केलेला विरोधही अनेकांना आठवत असेल.

आंदोलन इमारतींविरुद्ध होते. परंतु इमारतींत माणसे राहावयास आली होती, आणि त्यांतली काही ख्रिस्तीच होती. कोणी मंगळूरचे, कोणी गोव्याचे, कोणी केरळचे, कोणी मुंबईच्या गावठाणातले. ती रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसू लागली. त्यांना मराठी मिस्सा समजेना. परिषदेनंतर लॅटिन जाऊन वसईत मराठी उपासना रुजली, मराठी भक्तिगीते आली. स्थानिकांना तो आपला मोठा ठेवा वाटतो आणि तो आहेच. नवागतांनी इंग्रजी मिस्सेची मागणी करताच ‘हे आले आणि आमची भाषा घालवायला निघाले’ अशी कुजबुज सुरू झाली. दुसरीकडे ‘आम्ही वर्गणी द्यायची, पण कमिटीवर यांचेच काका-मामा’ अशी तक्रार. दोन्ही बाजूंत तथ्य होते, हीच अडचण.

ही अडचण ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या समुदायातील असेच एक भांडण नोंदले आहे. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. ज्या समुदायाचे सर्वस्व सामाईक होते असे आपण भारावून सांगतो, त्यातली ही गोष्ट! प्रेषितांनी उपदेश केला नाही, तक्रार खोटीही ठरविली नाही. वाटपासाठी सात माणसे निवडण्यात आली, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. याचा सरळ अर्थ असा की, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती बहुधा कोठाराची किल्ली दिली गेली. समाजबांधणीवरील पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत. या एका नावांच्या यादीइतके मला कशातूनच समजले नाही.

आमच्याकडे या दिशेने जो प्रयत्न चालतो, त्याला ‘लहान ख्रिस्ती समूह’ म्हणतात. मोठ्या धर्मग्रामाचे छोटे छोटे गट पाडून शेजारशेजारच्या कुटुंबांनी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, अशी ही योजना. लॅटिन अमेरिकेत १९६०च्या दशकात अशा समूहांनी मूळ धरले व १९६८च्या मेदेलिन येथील बिशपांच्या परिषदेने त्यांना बळ दिले. आफ्रिकेत त्यांची वाढ झाली; मुंबई महाधर्मप्रांतातही १९८०च्या दशकात हे काम सुरू झाले. १९९०च्या बांडुंग येथील बैठकीत आशियातील बिशपांनी समुदायांचा समुदाय अशी ख्रिस्तसभेची कल्पना मांडली. दक्षिण आफ्रिकेच्या लुम्को संस्थेने तयार केलेली सात पायऱ्यांची पद्धत आमच्याकडेही वापरतात. प्रभूला आवाहन, वाचन, मनात भरलेला शब्द पुन्हा उच्चारणे, मौन, काय उमगले ते सांगणे, मग आता आपण काय करायचे याची चर्चा, आणि शेवटी प्रार्थना. पहिल्या पाच पायऱ्या सोप्या आहेत. सहावी आली की मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, आणि यजमानीणबाई चहा आणावयास उठतात. ज्या समूहात सहावी पायरी चहात बुडते, तो समूह वर्षभरात गळून पडतो, असे माझे निरीक्षण आहे.

आमच्या समूहात ती बुडाली नाही, याला कारण एक मयत झाले. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक मंगळूरी वृद्ध गृहस्थ एकटे राहात. मुलगा आखाती देशात. ते वारले तेव्हा घंटा वाजली. पण कोण गेले हे आसपासच्या कोणाला कळेना, कारण त्यांना कोणी ओळखतच नव्हते. दफनविधीला धर्मगुरू, विमानतळावरून थेट आलेला मुलगा व आम्ही सहा-सातजण. पेटी उचलायला रिक्षावाल्यांना बोलवावे लागले. ते मुसलमान होते; त्यांनी एक पैसा घेतला नाही. पुढच्या बैठकीत सहाव्या पायरीवर कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. एका वयस्क वाडवळ बाईंनी विचारले, “आमच्या आळीत असे कधी झाले असते का?” त्यावर केरळच्या एक नर्सबाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, “आंटी, आम्ही आळीत नाही ना.”

त्या दिवसापासून एक वही सुरू झाली. कोणत्या घरी एकटे माणूस आहे, कोणाचे नातेवाईक कोठे आहेत, रात्री-अपरात्री कोणाला उठवायचे, कोणाला कोणत्या भाषेत प्रार्थना हवी. वही त्या नर्सबाईंच्या ताब्यात आहे. मयताच्या घरी डबे कोणी द्यायचे याची पाळी ठरलेली असते, आणि आता ते डबे इमारतीतील ख्रिस्ती नसलेल्या घरीही जातात. त्याबद्दल ठराव वगैरे झालेला नाही. संयोजनाचे काम जवळजवळ सर्वस्वी बायकाच पाहतात. पुरुष बैठकीला येतात आणि खुर्च्या मांडतात. हेही ठीकच आहे.

याचा अर्थ सारे जुळून आले असा कोणी घेऊ नये. गावातली तरुण मुले परदेशाच्या वाटेवर आहेत. काही समूह केवळ कागदावर आहेत. मराठीचा प्रश्न सुटलेला नाही. दोन भाषांत मिस्सा होऊ लागल्यापासून दोन धर्मग्रामेच एका छपराखाली नांदतात की काय, अशी शंका मला येते. कॅथॉलिक जगतात २०२५ हे ज्युबिली वर्ष ‘आशेचे यात्रिक’ या सूत्राने पाळले गेले, तेव्हा आमच्याकडेही फलक लागले, यात्रा निघाल्या. यात्रिक म्हणजे पुन्हा तोच मुक्कामाला आलेला माणूस, पारोइकियातला. पण फलकाखालून जाताना जुने आणि नवे आपापल्या गटाने जात होते, हेही मी पाहिले.

सध्याचा आमचा प्रश्न दफनभूमीचा आहे. जागा मर्यादित, माणसे वाढलेली. साध्या कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरतात. परंतु जुन्या कुटुंबांच्या कायमच्या कबरी आहेत, त्यांवर संगमरवरी फरश्या आहेत व आजे-पणजे तेथे विसावले आहेत. नवागतांचे म्हणणे असे की, मेल्यावर तरी आम्हांला भाडेकरू समजू नका. पुनरुत्थानाची आशा ज्या जमिनीत पेरायची, त्या जमिनीचाच हा तंटा. विषय धर्मग्राम परिषदेपुढे आहे. गेल्या बैठकीत दोन जुन्या कुटुंबांनी आपली कायमची जागा सर्वांच्या वापरासाठी सोडण्याची तयारी लेखी कळविली. तिसऱ्या कुटुंबाने स्पष्ट नकार दिला, आणि त्यांची कारणेही ऐकून घेण्याजोगी होती. उरलेल्या कुटुंबांकडे समूहांतील बायका दोघी-दोघींनी जाणार आहेत. प्रत्येक जोडीत एक गावातली आणि एक इमारतीतली, एवढे ठरले आहे. पुढील बैठक पावसाळा संपल्यावर आहे.